नाताळची मैफल, जॅझ-पॉप गायिका आणि घुमणारा हॉल: मांडणी कशी करावी?

मांडवीकाठ
नमस्कार मंडळी. गोव्यात बार्देश तालुक्यातल्या एका गावात नाताळच्या आधीच्या आठवड्यात मैफल ठरते आहे. गायिका स्वतः गाणी लिहिते, चालीही तिच्याच, बाज जॅझ-पॉपचा. कीबोर्डवर बसून गाते. सोबत गिटार (गिटारवाला मागचा आवाजही देतो), डबल बेस, ड्रम आणि ऑल्टो सॅक्सोफोन. शेवटच्या दोन गाण्यांना गावातल्या 25 मुलांचा कॉयर (गायकवृंद).

जागा: चॅपेलला लागून असलेला हॉल. 24 मीटर लांब, 12 रुंद, 6 उंच. खाली फरशी, भिंती चुन्याच्या. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवली की नाद 3 सेकंद रेंगाळतो. पर्याय म्हणून समोरचं अंगण आहे. श्रोते 200, खुर्च्या प्लास्टिकच्या. प्रवेश फुकट, गायिकेला मानधन आहे. हॉलमध्ये एक जुना उभा पियानोही आहे.

प्रश्न तीन: हॉल की अंगण? साउंडवाल्याला नेमकं काय सांगायचं? तिची स्वतःची गाणी आणि कॅरोल यांचा मेळ कसा घालायचा? परवान्यांबद्दलही कुणाला पक्कं ठाऊक असेल तर लिहा.

केबलगुंडाळ्या
प्रश्न तीन असले तरी गाठ एकच आहे. या बाजाची गायिका जोरात गात नाही. तिचं सगळं काम श्वासाच्या जवळ चालतं. तेव्हा माइकपासून खुर्च्यांपर्यंत प्रत्येक निर्णय हळू आवाजाला जागा करून देण्यासाठी घ्यायचा. साउंडवाल्याला ‘आवाज वाढव’ सांगून हे जमत नाही. का, ते आकड्यांत बघा.

हळू गाणारा आवाज एका मीटरवर धरा 65 ते 70 डीबी (डेसिबल). तोंड माइकपासून 5 सेंटीमीटरवर असेल तर माइकपाशी तो 26 डीबीने वाढतो, म्हणजे 91 ते 96. ड्रम काठ्यांनी वाजवला तर एका मीटरवर 100च्या आसपास, आणि तिच्यापासून 3 मीटर मागे असला तर तिच्या माइकमध्ये 90. म्हणजे तिच्या माइकमध्ये ती आणि ड्रम जवळपास सारखेच. आता ती जरा मागे सरकली आणि अंतर 20 सेंटीमीटर झालं, तर तिचा आवाज 12 डीबीने पडला. माइक तिचा, पण त्यात जास्त ऐकू येणार ड्रम! साउंडवाला फेडर (मिक्सरवरची आवाज वाढवायची सरकपट्टी) वर करतो, त्याबरोबर ड्रमही वर जातो, आणि लोक म्हणतात की शब्द कळत नाहीत.

म्हणून क्रम असा: आधी स्टेजवरचा आवाज खाली आणा. माइक त्यानंतर. मिक्सर सगळ्यात शेवटी.

ब्रशवाला
वरच्या हिशेबात भर. ब्रशने (तारांच्या कुंच्याने) वाजवलं तर तोच ड्रम 80च्या घरात येतो आणि तिच्या माइकमध्ये 70. म्हणजे थेट 20 डीबीचा फरक, तोही एक पैसा न खर्चता.

पण नुसतं ‘हळू वाजव’ म्हटलं की ड्रमवाल्याची लय ढिली पडते. त्यापेक्षा सामान बदला. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) 18 इंची, आत पातळ उशी. एकच राइड सिंबल (ठेका धरायची झांज), तोही पातळ. क्रॅश (दणका द्यायची झांज) आणूच नका. आणला की वाजतो. खाली जाड सतरंजी घाला. जलद गाण्यांना बारीक काड्यांच्या जुड्या येतात, त्या काठी आणि ब्रश यांच्या मधल्या पडतात. काचेची भिंत वगैरे मागवू नका. एवढ्याशा हॉलमध्ये ती आवाज छताकडे फेकते आणि तो घुमून परत येतो.

ब्रशचा एक तोटा मात्र आहे: स्नेअरचं (हाताने वाजवायच्या छोट्या ड्रमचं) कातडं गुळगुळीत असेल तर ब्रशचा घासलेला आवाजच येत नाही. वरचा थर खरखरीत असलेलं कातडं लागतं. भाड्याच्या ड्रमवर ते बहुतेकदा नसतं. आधी विचारून घ्या.

मांडवीकाठ
हे उपयोगी आहे. माइक कोणता मागवू? भाडेवाल्याकडे ‘58’ ढिगाने आहेत.

केबलगुंडाळ्या
58 वाईट नाही. शुअर एसएम58 कार्डिऑइड आहे, म्हणजे समोरून ऐकतो, मागून नाही. मार खातो, शिट्टी (स्पीकरचा आवाज माइकमध्ये फिरून होणारी) कमी मारतो. पण तो डायनॅमिक आहे, श्वासाचे बारकावे थोडे गिळतो. कंडेन्सर, म्हणजे विजेवर चालणारा जास्त नाजूक कानाचा हातमाइक मिळाला (शुअर बीटा 87ए किंवा नॉयमान केएमएस 105) तर या गायकीला जास्त शोभेल. त्याला मिक्सरवरून 48 व्होल्ट फँटम (केबलमधूनच जाणारी वीज) द्यायला विसरू नका. दर कार्यक्रमात कुणीतरी विसरतं आणि केबल बदलत बसतं.

आता जिथे नेहमी चुकतं ते. हे दोन्ही कंडेन्सर सुपरकार्डिऑइड आहेत. 58 सगळ्यात बहिरा असतो बरोबर पाठीमागे, 180 अंशांवर. सुपरकार्डिऑइड बहिरा असतो पाठीच्या दोन्ही बाजूंना, साधारण 126 अंशांवर, आणि बरोबर मागून त्याला थोडं ऐकू येतं. म्हणून 58 असेल तर मॉनिटर (तिला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) तिच्या नाकासमोर, कीबोर्डच्या पलीकडे जमिनीवर. 87ए किंवा 105 असेल तर तोच मॉनिटर एका अंगाला सरकवा. माइक बदलला आणि मॉनिटर तिथेच राहिला की शिट्टी ठरलेली.

चॅनेलवर काय करायचं ते साउंडवाल्याला लिहून द्या:
100 ते 120 हर्ट्झखालचं कापा. माइक जवळ आला की खालचे स्वर फुगतात, म्हणून 200 ते 300च्या पट्ट्यात 3 डीबी कमी करा, पण तिने पहिलं गाणं म्हटल्यावर, आधी नाही. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं यंत्र) 3:1, अटॅक 10 ते 20 मिलिसेकंद, सुई 3 ते 6 डीबीच हलायला हवी. जास्त दाबलं तर दोन ओळींच्या मधला श्वास ओळीइतका मोठा होतो, आणि या बाजात ते फार वाईट ऐकू येतं. ‘स’ आणि ‘श’ टोचत असतील तर 6 ते 8 हजार हर्ट्झवर डी-एसर (ते टोचणं दाबणारं यंत्र).

रिव्हर्ब (यंत्राने दिलेला घुमार)? या हॉलमध्ये शून्यापासून सुरुवात करा. हॉल स्वतःच देतो आहे.

सांजवात
माइकच्या जाळीला तळहाताने वेढा घालून गायची एक फॅशन आहे, तिच्याबद्दलही लिहा. जाळीच्या मागच्या फटी झाकल्या की माइक चहूकडून ऐकायला लागतो आणि शिट्टी मारतो. इथे गायिका कीबोर्डवर असल्यामुळे हात मोकळे नाहीत, हे नशीबच. पण कॉयरबरोबर उभी राहून गाणार असेल तर सांगून ठेवा.

स्टँडबद्दल: सरळ स्टँड कीबोर्डच्या मध्ये येतो. लांब दांड्याचा स्टँड उजव्या बाजूने, माइकचं तोंड हनुवटीच्या उंचीवरून किंचित वर. अगदी समोर धरला तर ‘प’ आणि ‘फ’ फुटतात. थोडा तिरका ठेवला की श्वास बाजूने निघून जातो आणि आवाज तेवढाच राहतो.

काळी५
जुना उभा पियानो वापरायचा मोह होतोय असं वाटतं. करू नका. तीन कारणं आहेत.

एक, उभ्या पियानोवर बसलं की गायिकेचं तोंड भिंतीकडे.

दोन, त्याला माइक लावला की त्यात ड्रमही शिरतो.

तीन, सूर. पावसाळ्यात लाकूड ओल पितं, साउंडबोर्ड फुगतो, सूर चढतो. पावसानंतर हवा कोरडी झाली की तो उतरतो. ऑक्टोबरात लावून ठेवलेला पियानो डिसेंबरात तसाच मिळत नाही. वर्षानुवर्षं न लावलेला असेल तर एकाच बैठकीत ओढून 440वर (‘ए’ सुराची प्रमाण कंपनं) आणला तरी टिकत नाही, जुन्या तारा तुटतात ते वेगळंच.

88 पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो आणा. डीआय बॉक्स (वाद्य सरळ मिक्सरला जोडणारी डबी) दोन, डावा-उजवा दोन्ही. एकाच आउटपुटमधून घ्यायचा असेल तर ज्यावर ‘मोनो’ लिहिलंय तोच घ्या, नाहीतर अर्धा पियानो गायब.

आणि तरीही कुणाला एका गाण्यापुरता जुना पियानो हवाच असेल, तर आधी तो ट्यूनरवर मोजा. समजा 20 सेंट (एका अर्ध्या सुराचे 100 सेंट) उतरलेला आहे, म्हणजे ‘ए’ 440ऐवजी 435. मग त्या गाण्यात बाकीच्यांनी त्याच्याकडे यायचं: सॅक्सोफोनवाला माउथपीस थोडा बाहेर ओढेल, गिटार-बेस उतरवतील. उलटं होत नाही.

तिसऱ्या_रांगेतून
हॉल की अंगण, यावर कुणी बोललंच नाही. माझं मत अंगण. डिसेंबरात हवा सुखद असते, आकाशकंदील लावता येतात, लोक मोकळे बसतात. हॉलमध्ये 3 सेकंदांचा घुमार म्हणजे शब्दांची खिचडी.

केबलगुंडाळ्या
3 सेकंद रिकाम्या हॉलचे आहेत. भरल्यावर काय होतं ते मोजता येतं. हॉलचं घनफळ 24 × 12 × 6 = 1728 घनमीटर. घुमार मोजायच्या सबाइनच्या सूत्राने 0.161 × 1728 ÷ 3, म्हणजे हॉल सध्या साधारण 93 चौरस मीटर इतका आवाज शोषतो. बसलेला एक माणूस मधल्या स्वरांत धरा 0.4 चौरस मीटर. 200 माणसं म्हणजे आणखी 80. बेरीज 173. आता घुमार 1.6 सेकंद. म्हणजे जवळपास निम्मा!

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली: भरलेला हॉल या संगीताला चालतो. मागच्या भिंतीला जाड पडदे किंवा गोधड्या टांगल्या तर आणखी बरा होईल, कारण स्पीकरचा आवाज तिथेच आपटून परत येतो. दुसरी: दुपारच्या साउंड चेकला जे ऐकू येतं ते खोटं असतं. रिकाम्या हॉलमध्ये ‘फार घुमतंय’ म्हणून वरचे स्वर कापत सुटलात, तर लोक बसल्यावर आवाज मुका होतो. साउंड चेकला आवाजाची पातळी आणि मॉनिटर ठरवा. टोनचे निर्णय पहिल्या दोन गाण्यांत घ्या.

अंगणात दव पडतं. नऊनंतर मिक्सरच्या फेडरवर ओल दिसते. पण खरी अडचण वेगळी आहे, ती काळी५ सांगतील.

काळी५
सांगतो. अंगणात रात्र चढते तशी हवा थंड होते. तारा आकसतात, गिटारचा सूर चढतो. सॅक्सोफोनच्या नळीतली हवा थंड झाली की सूर उतरतो. हिशेबाने एका अंशाला 3 सेंट, प्रत्यक्षात वाजवणाऱ्याचा श्वास नळी गरम ठेवतो म्हणून कमी. डिजिटल पियानो जागचा हलत नाही. एक वर, एक खाली, एक स्थिर. गायिका बिचारी कुणाचा सूर धरणार? सॅक्सोफोन दोन गाणी गप्प राहिला की तिसऱ्यात उतरलेलाच येतो. म्हणून आत शिरायच्या आठ मात्रा आधी त्याने नुसता श्वास फुंकून वाद्य गरम करायचं, आणि गिटारवाल्याने दर तीन गाण्यांनी ट्यूनर बघायचा.

हॉलमध्ये हे जवळजवळ होतच नाही. माझं मत हॉल.

नियमबुवा
अंगणाला आणखी एक आडकाठी. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिवर्धक बंद. सणासुदीला राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस 12पर्यंत सूट देऊ शकतं, पण तुमचा दिवस त्या यादीत आहे असं गृहीत धरू नका. ध्वनिवर्धकाची लेखी परवानगी आधीच काढा. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डीबी, रात्रीची 45. ध्वनिवर्धक लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्याहून 10 जास्त चालतात किंवा 75, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे रहिवासी भागात हद्दीवर 65.

अंतर दुप्पट झालं की 6 डीबी उतरतात. अंगणात 20 मीटरवर 85 ठेवलेत तर 80 मीटरवरच्या घरात 73. शिवाय थंड रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे आवाज वर न जाता वाकून खाली येतो आणि अपेक्षेपेक्षा लांब ऐकू जातो.

बंद सभागृहात, आतल्या आत, रात्रीच्या बंदीतून सवलत आहे. खिडक्या उघड्या टाकल्या तर ‘बंद’ म्हणता येणार नाही.

तिसऱ्या_रांगेतून
बरं, हॉल. हरलो. कंदील बाहेर लावा निदान.

मांडवीकाठ
लावणारच. नियमबुवा, गाण्यांच्या हक्कांचं काय? प्रवेश फुकट आहे, म्हणजे काही लागत नाही ना?

नियमबुवा
हा समज अर्धवट आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52मध्ये हौशी मंडळाने फुकट श्रोत्यांपुढे केलेल्या प्रयोगाला सूट आहे. पण तुमची गायिका मानधन घेणारी व्यावसायिक आहे. ‘हौशी’ हा शब्द तिथे अडतो. त्याच कलमात धार्मिक विधीच्या ओघात होणाऱ्या गायनालाही सूट आहे. मिसेतलं (चर्चमधल्या उपासनेतलं) गायन त्यात बसतं, हॉलमधली मैफल बसवणं अवघड.

गाणी तीन गठ्ठ्यांत वाटा.

पहिला, हक्क संपलेली. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, आणि गीतकार-संगीतकार वेगळे असतील तर शब्दांचा आणि चालीचा हक्क वेगवेगळा मोजायचा; दोन्ही संपले की गाणं मोकळं. ‘सायलेंट नाइट’चे गीतकार मोर 1848ला गेले, संगीतकार ग्रुबर 1863ला. ‘जिंगल बेल्स’चे पियरपाँट 1893ला. ही बिनधास्त गा. नवी मांडणीही तुमचीच.

दुसरा, हक्क चालू असलेली. ‘व्हाइट ख्रिसमस’चे अर्विंग बर्लिन 1989 साली गेले, म्हणजे 2049 संपेपर्यंत थांबा. अशांसाठी आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेचा) परवाना घ्यायचा, आणि तो गायिकेने नव्हे, आयोजकाने.

तिसरा, तिची स्वतःची गाणी. ती आयपीआरएसची सभासद असेल तर या गाण्यांचा हिशेबही तिथूनच होतो, ‘माझंच गाणं आहे’ म्हणून सुटका नाही. सभासद नसेल आणि हक्क कुणाला दिलेले नसतील, तर तिचं लेखी संमतीचं पत्र पुरे.

मैफलीआधी स्पीकरवर रेकॉर्डिंग वाजवणार असाल तर तो वेगळा हक्क, पीपीएलसारख्या रेकॉर्डिंगचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचा. वाजवूच नका. लोक गप्पा मारतील, काही बिघडत नाही.

शेवटचा खड्डा: थेट प्रक्षेपण. ‘विंटर वंडरलँड’चे दोन्ही रचनाकार 1935 आणि 1944 साली वारले, त्यामुळे इथल्या हिशेबाने ते मोकळं आहे. अमेरिकेत मात्र 1934चं प्रकाशन 95 वर्षं धरलं जातं, 2029 संपेपर्यंत. यूट्यूबवर टाकलंत की नोटीस येऊ शकते. प्रक्षेपण करायचंच तर पहिला आणि तिसरा गठ्ठाच दाखवा, त्यातूनही असं गाणं वगळून.

आणि हो, शब्दांचे कागद छापून वाटायचे असतील तर फक्त पहिल्या गठ्ठ्यातल्या गाण्यांचे. गायनाच्या परवान्यात छपाई येत नाही.

सांजवात
आता गाण्यांचा क्रम. मध्यंतर ठेवू नका असं माझं म्हणणं. 75 मिनिटांची सलग मैफल, 14 गाणी. सरासरी साडेचार मिनिटं धरली तर 63, बोलण्याला 10. सव्वाआठला सुरू केली तरी साडेनऊला संपते, दहाच्या आत अर्धा तास हाताशी.

14पैकी 6 तिची, 6 ओळखीची, शेवटची 2 कॉयरबरोबर. तिची गाणी सुरुवातीला एकगठ्ठा टाकली तर लोक ‘आता नाताळचं कधी’ म्हणत बसतात. शेवटी टाकली तर केकच्या टेबलाकडे नजर. पहिली दोन ओळखीची, तिसरं तिचं जलद, मग आलटून पालटून. सातवं-आठवं मात्र दोन्ही तिची, दिवे मंद करून, त्यातलं एक नुसत्या पियानोवर. मैफलीचा गाभा तो. तिथे निवेदकाला बोलू देऊ नका. एका गाण्याची ओळख 20 सेकंदांत तिनेच करून द्यावी.

मांडवीकाठ
मध्यंतरात स्टॉलवाल्यांचा धंदा होतो, ते ओरडतील.

सांजवात
साडेनऊनंतर होऊ दे. मैफल ऐकून बाहेर आलेला माणूस जास्त खातो.

तिसऱ्या_रांगेतून
निवडीबद्दल एक भर घालतो. गोव्यातल्या श्रोत्याला हे संगीत परकं नाही. पॅरिश (चर्चच्या) शाळांमधून सोलफेज (पाश्चात्य स्वरवाचन) आणि व्हायोलिन शिकलेले वादक इथून मुंबईला गेले, तिथल्या डान्स बँडांत आणि फिल्मी वाद्यवृंदांत जॅझ वाजवलं. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांतलेच. संगीतकार क्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांच्या कोकणी गाण्यांत तर ब्रास आणि स्विंग सरळ ऐकू येतात. मांडो (गोव्याचं पारंपरिक कोकणी गीत) दोन सुरांत, तिसऱ्या-सहाव्या सुराच्या अंतराने गायची सवय घराघरांत आहे. त्यामुळे गिटारवाल्याने मागचा आवाज साध्या तिसऱ्यात धरला की अर्धा हॉल आपसूक साथ करील. उगाच सोपं करून द्यायची गरज नाही. टाळ्या तेवढ्या पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर पडतील, त्याची तयारी ठेवा.

ब्रशवाला
टाळ्यांवर उपाय: हाय-हॅट (झांजांची जोडी) पायाने दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर ठळक बंद करायचा आणि किक जवळजवळ सोडून द्यायची. किक पहिल्या मात्रेवर वाजली की लोक तिलाच धरतात. आठएक मात्रांत बहुतेक जण वळतात. न वळले तर राहू दे, नाताळ आहे.

काळी५
कॉयरच्या गाण्यांची पट्टी आत्ताच ठरवा. या आवाजाच्या गायिका खाली गातात, मुलं वर. इथेच बहुतेक मैफली शेवटी फसतात.

‘सायलेंट नाइट’ घ्या. चालीचा पल्ला एक सप्तक आणि वर चौथ्या सुरापर्यंत. पांढरी एकमध्ये (सी) गायलं तर तळ मधला ‘सा’, टोक त्याच्या वरच्या सप्तकातला ‘म’, म्हणजे ‘एफ’. हे टोक श्रोत्यांना झेपत नाही, बायका किंचाळतात, पुरुष गप्प होतात. पांढरी पाचमध्ये (जी) गायिका खुश, पण मुलांचा खालचा आवाज फुसका होतो. काळी पाच (बी फ्लॅट) मुलांना आणि श्रोत्यांना ठीक, टोक ‘ई फ्लॅट’वर.

सांजवात
मग पांढरी सहा घ्या की, मधली. टोक ‘डी’वर येतं, गिटारलाही सोपी.

काळी५
गिटारला सोपी, पण ऑल्टो सॅक्सोफोनला नाही. ऑल्टोला सहाव्या सुराच्या अंतराने वर लिहावं लागतं. पांढरी सहा म्हणजे त्याला सहा शार्पचा ‘एफ शार्प’. काळी पाच म्हणजे त्याला एका शार्पचा ‘जी’. म्हणून बँडवाल्यांना फ्लॅटच्या पट्ट्या प्रिय असतात.

तोडगा असा: पट्टी मध्येच चढवा. पहिलं कडवं गायिका एकटी, पांढरी पाचमध्ये. कडव्याच्या शेवटी पियानो आणि बेस दोन बार (इथे तीन-तीन मात्रांचे खंड) जोडतात: सी मायनर सेव्हन्थ, एफ सेव्हन्थ. हे सरळ बी फ्लॅटच्या दारात नेऊन सोडतं. तिथून सॅक्सोफोन शेवटचे आठ बार नव्या पट्टीत वाजवतो. श्रोत्यांच्या कानात नवा ‘सा’ बसतो, मुलं श्वास घेतात, मग सगळे मिळून दुसरं कडवं.

गिटारवाला पहिलं कडवं ‘जी’च्या मोकळ्या आकारात वाजवतो, सॅक्सोफोन चालू असताना गप्प राहून गिटारच्या तिसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) चढवतो, आणि पुन्हा तेच ‘जी’चे आकार. आता ते बी फ्लॅट झाले. डोक्याला काही ताण नाही. कॅपो घट्ट बसला की तारा चढतात, म्हणून ट्यूनर पायाशी हवा.

लय तीन मात्रांची, मिनिटाला 72. कडवं 24 बारांचं, 72 मात्रा, म्हणजे बरोबर एक मिनिट. त्यावरून सगळा वेळ काढता येतो.

स्वरसंगतीची कलाकुसर कुठे करायची? मुलं आणि श्रोते गात असताना अजिबात नाही. त्यांच्या कानात साधे तीन कॉर्ड आहेत, खालची जमीन हलवली की ते बेसूर होतात आणि दोष मुलांवर येतो. कलाकुसर गायिकेच्या एकटीच्या कडव्यात करा. अगदी शेवटच्या ‘सा’खाली ई फ्लॅट मायनर सिक्स्थ दोन बार धरून मग बी फ्लॅट दिलं तर चालतं, कारण ‘सा’ त्या कॉर्डमध्येही पाचवा सूर म्हणून बसतो. गाणारे हलत नाहीत, फक्त रंग बदलतो.

केबलगुंडाळ्या
कॉयरचे माइक: दोन कंडेन्सर, मुलांच्या पहिल्या ओळीपासून 70-80 सेंटीमीटर पुढे, डोक्यांच्या थोडे वर, तोंडं मागच्या ओळीकडे. दोन माइकमधलं अंतर माइक-ते-मूल अंतराच्या तिप्पट, म्हणजे सव्वादोन मीटरच्या आसपास. कमी ठेवलं तर एकच मूल दोन्ही माइकमध्ये थोड्या उशिरा-लवकर पोचतं आणि आवाज पोकळ होतो.

हे दोन माइक पहिली 12 गाणी बंद. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीच्या आधीची सवलत 3 डीबीने घटते. निवेदकाचा माइकही तसाच, बोलून झाला की बंद.

चॅनेल मोजा: गायिका 1, मागचा आवाज 1, पियानो 2, गिटार 1, बेस डीआय 1, किक 1, ड्रमच्या वर 1, सॅक्सोफोन 1, कॉयर 2, निवेदक 1. झाले 12. सोळाचा मिक्सर पुरेसा. सॅक्सोफोनला खरं तर या हॉलमध्ये माइक लागतच नाही, पण ठेवा, बंद राहू दे.

वीज: साउंड आणि दिवे वेगळ्या फेजवर, साउंडचं सगळं सामान एकाच ठिकाणच्या अर्थिंगवर. आकाशकंदिलांची आणि लुकलुकणाऱ्या माळांची वायर माइकच्या केबलीशेजारून नेली तर गुणगुण येते. ओलांडायचीच असेल तर काटकोनात. बेसच्या डीआयवर 50 हर्ट्झची घरघर आली तर ग्राउंड लिफ्टचं बटण आहे ते दाबा. प्लगमधली अर्थची पिन काढून टाकणारा कुणी भेटला तर त्याला स्टेजपासून लांब ठेवा, त्याने माणूस मरतो.

वेळापत्रक: अडीचला सामान आत, चारला एकेक चॅनेल, साडेचार ते साडेपाच बँड, साडेपाच ते सहा मुलं. मुलांना आधी बोलावलं तर दीड तासात ती हॉल डोक्यावर घेतात.

मांडवीकाठ
शेवटच्या गाण्यात एका घुमटवादकाला (घुमट म्हणजे मातीचं, कातडं लावलेलं गोव्याचं तालवाद्य) घ्यायचा विचार आहे. डबल बेसशी भांडेल का?

ब्रशवाला
भांडेल, जर दोघांनी खालचा आवाज धरला तर. घुमटाच्या उघड्या तोंडावरचा हात आतबाहेर केला की खालचा सूर सरकतो, आणि तो बेसच्याच इलाख्यात येतो. त्या गाण्यात किक पूर्ण काढा. बेसने लांब सूर धरायचे, घुमटाने तुकडे भरायचे. लय सहा-आठची ठेवली, दुलपदासारखी (मांडोनंतर गायच्या जलद गाण्यासारखी), तर घुमटवाल्याला काही समजावून सांगावं लागणार नाही. समजावायचं ते ड्रमवाल्याला.

केबलगुंडाळ्या
माइक एकच, 58 चालेल. कातड्यापासून 15 सेंटीमीटरवर, थोडा तिरका. उघड्या तोंडासमोर लावू नका, हात हलला की हवेचा झोत सरळ माइकमध्ये जातो. 80 हर्ट्झखालचं कापा. आणि वादकाला विचारा, बसून वाजवणार की गळ्यात अडकवून. उभा राहणार असेल तर स्टँड नको, मातीच्या कडेला अडकणारा चिमट्याचा माइक बघा. चिमट्याखाली रबर हवं, नाहीतर घुमट तडकतं.

मांडवीकाठ
बसून. सतरंजीवर, गायिकेच्या डाव्या हाताला.

केबलगुंडाळ्या
मग गायिकेचा मॉनिटर उजव्या अंगाला सरकवा. तेरावा चॅनेल त्याचा.